कोकणात पर्यावरणातली इंटर्नशिप : पैसे भरून नको, मिळणारी आहे का?

वालुकणी | १४ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचक होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र. घर दापोली तालुक्यात, समुद्र चालत दहा मिनिटांवर. नव्या अभ्यासक्रमात ओजेटी आलंय. चार क्रेडिटं, म्हणजे १२० तास कुठेतरी प्रत्यक्ष काम करून दाखवायचं. वर्गातल्या निम्म्या मुली पॅथॉलॉजी लॅबमध्ये चिकटल्यासुद्धा. मला वन्यजीव, किनारा, खाडी यातलं काहीतरी करायचंय आणि पुढेही त्यातच राहायचंय.

आता माझी फजिती. गेल्या मे महिन्यात एका संस्थेच्या जाहिरातीला भुलले. 'सागरी संवर्धन इंटर्नशिप, सात दिवस, प्रमाणपत्रासह', फी साडेनऊ हजार. आईने भिशीतले काढून दिले. नेलं कुठे, तर माझ्या घरापासून वीस किलोमीटरवरच्या किनाऱ्यावर! सात दिवस पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या, कप गोळा केले, एका संध्याकाळी पडद्यावर कासवाची फिल्म बघितली. मेअखेर कासवांचा हंगाम आटोपलेला असतो हे इथेच जन्मलेल्या मला कळायला हवं होतं. प्रमाणपत्र मात्र जाड कागदाचं आहे.

तर विचारायचं हे की इथे राहून शिकता येईल आणि निदान एसटीचं भाडं सुटेल असं काम आहे का? बाबा म्हणतात, "समुद्र फुकट दिसतो, त्याला नऊ हजार कशाला?" त्यांना उत्तर देता आलं नाही.

---

पुणेकर_पाहुणा | १४ ऑक्टोबर, रात्री १०.०५

बाबांना माझा नमस्कार सांगा.

---

खाडीकाठ | १४ ऑक्टोबर, रात्री ११.३०

वालुकणी, तू बसलीयेस तिथे यायला बाकीचे धडपडतात. मंडणगडातलं वेळास, तुमचं आंजर्ले, केळशी, खाली गुहागर. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला कासवांचं काम सुरू केलं, गावकऱ्यांना बरोबर घेतलं, आणि आज तिथला कासव महोत्सव बघायला मुंबई-पुण्याहून माणसं येतात. आता किनाऱ्यांची जबाबदारी वनखात्याकडे आहे. खात्याचा कांदळवन (खाडीतली खारफुटी) कक्ष २०१२ चा, त्याला जोडून कांदळवन प्रतिष्ठान आहे. पण पहाटे वाळूवर चालतो तो गावचा कासवमित्र. त्याच्याकडे जा.

मी एमएस्सीला असताना एक अख्खा हंगाम अशा एका काकांच्या मागे फिरलो. पहिले दहा दिवस त्यांनी मला फक्त चालवलं. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वर येते, तिचा माग ट्रॅक्टरच्या चाकासारखा दिसतो. माग जिथून परत फिरतो तिथे वाळू उकरलेली. मला वाटायचं इथेच अंडी. काका हसायचे. ती मुद्दाम आजूबाजूची वाळूही विस्कटते. मग ते काठी हातात घेऊन हलकेच टोचत जायचे, आणि एका जागी काठी लोण्यात गेल्यासारखी आत जायची. तिथे हाताने वाळू काढायची, दीड फुटावर अंडी, टेबल टेनिसच्या चेंडूसारखी, शंभरावर. एकेक अंडं जसं होतं तसंच उचलायचं, फिरवायचं नाही. फिरलं की आतला जीव जातो. कुत्री-कोल्ही पोचायच्या आत टोपलीत घालून हॅचरीत, म्हणजे अंडी जपायच्या कुंपणात, तसाच खड्डा करून पुरायचं, पाटीवर तारीख आणि संख्या लिहायची. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं.

आणि खरं शिक्षण पिल्लं गेल्यावर. घरटं पुन्हा उकरून टरफलं मोजायची. रिकामी किती, न उबलेली किती, आतच मेलेली किती. वास असा की दोन दिवस नाकातून जात नाही. हौशी इंटर्न इथे गळतात. माझ्या बरोबरचे दोघे तिसऱ्या दिवशी 'नेटवर्क मिळत नाही' म्हणून गेले.

पैसे? राहणं-जेवण काकांच्या घरी, वर काही नाही. पण त्या हंगामात नोंदींची जी वही भरली तिच्या जोरावर पुढे प्रकल्पात लागलो. २०२२ च्या सुरुवातीला रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पाच माद्यांना उपग्रह टॅग लावले तेव्हा आधीपासून किनारा तोंडपाठ असलेली पोरं लोकांना हवीच होती.

---

आंबेमोहोर | १५ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

रुमाल टाकून ठेवतेय, भाचीला दाखवायचाय.

वालुकणी, मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना बघितलीस का? पदवीधराला महिना दहा हजार विद्यावेतन.

---

जुना_वनपाल | १५ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

आंबेमोहोर, ती योजना शिक्षण चालू असलेल्यांना नाही. पदवीनंतर बघावी.

मुली, मी खात्यात तेहतीस वर्षं काढली, त्यातली अकरा कोकणात. दोन गोष्टी नीट ऐक.

ऑलिव्ह रिडले हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधलं जनावर. वाघाला जे संरक्षण तेच त्याला. कोणीही उठून अंडी हाताळू शकत नाही, हेतू कितीही चांगला असो. म्हणून कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने, वनक्षेत्रपालांच्या नावे अर्ज कर. विषय, कालावधी, कोणत्या किनाऱ्यावर, मार्गदर्शक कोण, सगळं एका पानात. दोन प्रती ने, एकीवर पोच घे. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठायचं नाही.

दुसरं, 'पुढेही यातच राहायचंय' म्हणतेस म्हणून. वनरक्षकाची भरती बारावीवर असते, मुलींना तीन किलोमीटर धावावं लागतं, मुलांना पाच. तुझ्या पदवीवर एमपीएससीतून वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षकही होता येतं. तिथे चालण्याची चाचणी असते, मुलांना चार तासांत २५ किलोमीटर. आमच्या वेळी एकजण नवे बूट घालून आला होता, असो.

---

बांगडा_तिखलं | १५ ऑक्टोबर, दुपारी २.२०

बाय माझे, तू साडेनऊ हजार भरून खुर्चयो मांडलंस ता वाचून हसाक पण इला आणि वायट पण वाटला.

आमच्याकडे मालवणात दरवर्षी शिकणारी पोरां येतत. धक्क्यार उभी रवतत, मापां घेतत, फोटो काढतत, "काका, ह्यो मासो खय गावलो?" विचारतत. आमी सगळा सांगतो. मगे ती जातत ती जाततच. रिपोर्टात काय लिवला ता आमका सांगूक कोण येणा नाय.

एकच पोरगी येगळी निघाली. तिच्या पुस्तकात 'शार्क' एकच. आमच्या तोंडात मोरी, मुशी, कानमुशी. तिना पयले पंधरा दिवस फकत नावां शिकान घेतली. जाताना एक पान मराठीत छापल्यान, कुठलो मासो कधी किती इलो, आणि लिलावाच्या शेडीत चिकटवल्यान. ता पान अजून आसा, कडेन फाटलाहा.

काम व्हया तर सांगतंय. जाळ्यात कासव नायतर डॉल्फिन गावला आणि जाळा कापून सोडला तर सरकार पंचवीस हजारापर्यंत भरपाई देता. पण त्येका फोटो व्हयो, अर्ज व्हयो. खलाशी दमान इलेलो, तो अर्ज कधी भरतलो? आमच्या वाडीत अशी तीन प्रकरणां तशीच रवली. कोणी शिकलेला पोर धक्क्यार बसान ह्या केला, तर आमी त्येका उपाशी पाठवूचव नाय.

---

सडेफटिंग | १५ ऑक्टोबर, रात्री ८.४५

बांगडाभाऊ, दंडवत.

सगळे समुद्राकडेच बघतायत म्हणून सड्याची बाजू मांडतो. रत्नागिरी, राजापूर, लांजा इथले कातळसडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं. सातबाऱ्यावर यांची नोंद 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निरुपयोगी. कातळशिल्पांमुळे हल्ली लोक यायला लागले, नाहीतर गाडी थांबवून लघवीला उतरण्यापलीकडे सड्याला कोणी विचारत नव्हतं. पण पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत या. दीपकाडीची पांढरी फुलं जांभ्याच्या भेगांतून मेणबत्त्या लावल्यासारखी उभी. पुढे गेंद, मग सीतेची आसवं, ही तर किडे खाणारी वनस्पती. डबक्यात बेडूक. ऑक्टोबर सरला की सगळं गडप.

आता गंमत ऐका. मोठा प्रकल्प यायचा तर पर्यावरण आघात अहवाल लागतो, २००६ च्या अधिसूचनेनुसार. त्यासाठीची मूळ माहिती एका हंगामाची चालते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून. म्हणजे सल्लागार कंपनीची पोरं एप्रिलमध्ये टोपी घालून येतात, तापलेला काळा दगड बघतात आणि लिहितात, 'खडकाळ, विरळ झुडपे'. खोटं काय लिहिलं? काहीच नाही. झोपलेल्या माणसाचा फोटो काढून 'हा बोलत नाही' म्हणायचं.

म्हणून वालुकणी, ज्याला संवर्धनात यायचंय त्याने कोकणात तरी पावसाळा सोडू नये. दर आठवड्याला एकाच सड्याच्या एकाच चौकोनात जाऊन काय फुललं ते लिही. त्या चार महिन्यांच्या वहीला किंमत आहे, कारण ती दुसऱ्या कोणाकडे नसते.

---

नमुना_बाटली | १६ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

मी तीच टोपीवाली. अशाच एका सल्लागार कंपनीत पाच वर्षं.

सडेफटिंग, पावसाळ्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण 'कंपनीची पोरं' म्हणून झटकू नका. मी तीन अहवालांत सड्यावर पावसाळी पाहणीही करावी असं लिहिलं. दोनदा वरून खोडलं गेलं, एकदा राहिलं. आत कोणी नसतं तर तेही राहिलं नसतं. आणि बाहेर राहून आदर्श जपायला घरून पैसे यावे लागतात. माझे येत नव्हते.

वालुकणी, पहिल्या महिन्यापासून पगार हवा असेल तर या क्षेत्रात तो इथेच मिळतो. मी चौदा हजारांवर लागले. काम काय? पहाटे खाडीवर जाऊन पाणी भरायचं. सोपं वाटतं ना? विरघळलेल्या ऑक्सिजनची बाटली भरताना एक बुडबुडा आत राहिला की नमुना फुकट. बाटली पाण्याखालीच तोंडापर्यंत भरायची, जागेवरच दोन रसायनं घालायची. खाली तपकिरी साका बसला की ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला की नाही. माझ्या दुसऱ्याच महिन्यात एका नाल्यावर साका पांढरा शुभ्र राहिला. मला वाटलं माझंच चुकलं, परत भरली. परत पांढरा. वाकून बघितलं तर काठावर एक खेकडासुद्धा नाही. ती बाटली मी अजून विसरलेले नाही.

बीओडीला (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते त्या चाचणीला) आपल्याकडे नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात, तोवर घरी जाऊन झोपता येतं, हाच काय तो फायदा.

---

सडेफटिंग | १६ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

ताई, शब्द मागे घेतो. तो एक अहवाल कोणता हे विचारत नाही, पण पाय धरायला हवेत.

---

पुणेकर_पाहुणा | १६ ऑक्टोबर, दुपारी १२.००

फुकट राबण्याचं एवढं कौतुक का चाललंय? आयटीत इंटर्नला पैसे मिळतात. इथे 'निसर्गसेवा' म्हटलं की मोबदला विचारणं पाप. अशाने फक्त खात्यापित्या घरची मुलं या क्षेत्रात टिकणार.

---

खाडीकाठ | १६ ऑक्टोबर, रात्री १०.१५

पाहुणे, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. माझा तो हंगाम निभावला कारण मोठा भाऊ कमावत होता. हे मी आधी लिहायला हवं होतं.

पैशांचं खरं गणित सांगतो. पदवीच्या पातळीवर बहुतेक ठिकाणी राहणं-जेवण किंवा प्रवासखर्च, तेवढंच. एमएस्सीनंतर प्रकल्पांवर माणसं घेतात. नेट परीक्षा झालेल्या जेआरएफला (कनिष्ठ संशोधकाला) जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि घरभाडं. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी), वर्सोव्याची सीआयएफई (मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था), गोव्यात दोनापावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था), यांच्या संकेतस्थळांवर जाहिराती येतात. कांदळवन प्रतिष्ठानही कंत्राटी पदं भरतं. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात आणि दापोली कृषी विद्यापीठाच्या वनशास्त्र महाविद्यालयात जाऊन नुसतं भेटलीस तरी कुठल्या सरांचा प्रकल्प चालू आहे ते कळतं.

एक नियम मात्र करून टाक. काम तू करणार आणि फीही तूच भरणार, तर ती सहल. सहल म्हणून जायला हरकत नाही.

---

वालुकणी | १९ ऑक्टोबर, रात्री ९.२५

सगळ्यांचे आभार. बांगडाकाकांची पोस्ट बाबांना वाचून दाखवली, ते म्हणाले या माणसाला घरी बोलव.

आमच्या गावच्या कासवमित्र काकांना भेटले. लहानपणापासून त्यांना बघतेय, पण हे 'क्षेत्र' आहे हे डोक्यातच आलं नव्हतं. ते म्हणाले, ये, पण लवकर उठायची तयारी ठेव. वनक्षेत्रपाल कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली (वनपालकाका, उठले नाही).

नवी अडचण. कॉलेजच्या फॉर्मवर 'उद्योगाचे नाव' आणि 'अधिकृत शिक्का' असे रकाने आहेत. काका म्हणतात, माझ्याकडे काठी आहे, शिक्का नाही. आणि मॅडम म्हणतात, शिक्क्याशिवाय तास धरणार नाही.

---

पुणेकर_पाहुणा | १९ ऑक्टोबर, रात्री ९.४०

उद्योगाचे नाव : कासव.

---

जुना_वनपाल | २० ऑक्टोबर, सकाळी ७.००

ग्रामपंचायतीत जा. २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. बऱ्याच गावांत सदस्यांनाच माहीत नसतं की आपण सदस्य आहोत. तिचं मुख्य काम लोक जैवविविधता नोंदवही. हरित लवादाने २०२० च्या जानेवारीअखेरची मुदत दिली तेव्हा ठिकठिकाणी या वह्या घाईघाईत उरकल्या. निवृत्तीनंतर एका गावची वही माझ्या हाती आली. त्यात 'गरुड' अशी नोंद आणि शेजारी नेटवरून उतरवलेला अमेरिकन गरुडाचा फोटो! गावकऱ्यांनी सांगितला होता माडगरुड, म्हणजे धनेश. लिहिणाऱ्याने पुढचा 'माड' गाळला आणि पक्षी अमेरिकेला पोचला.

आपल्या गावची वही काढून घे. किनारा, खाडी, राई, जेवढं जमेल तेवढं दुरुस्त कर. काम समितीचं, त्यामुळे शिक्का ग्रामपंचायतीचा. कासवांच्या नोंदीही त्यातच बसतात.

---

नमुना_बाटली | २० ऑक्टोबर, सकाळी ९.३०

काका, कमाल!

वालुकणी, खाडीच्या नोंदी करताना गेव्याची फांदी मोडू नकोस, हे कांदळवनातलंच झाड. पांढरा चीक डोळ्यात गेला तर आग आग होते. मी गेलेय त्यातून. तिवर, कांदळ, चिपी आधी गावातल्या कालवं काढणाऱ्या बायकांकडून ओळखून घे, मग पुस्तक. पांढरी चिपी आपल्या राज्याचा कांदळवृक्ष आहे, २०२० पासून, हे ग्रामसेवकांना सांगितलंस तर शिक्का लवकर मिळेल.

---

वालुकणी | ११ डिसेंबर, रात्री ८.५०

धागा वर काढतेय.

वही मिळाली. कपाटात सर्वात खाली, 'नळपाणी योजना' फायलीच्या मागे. आमच्या वहीत माशांच्या यादीत 'सुरमई' दोनदा आणि 'कालवं' एकदाही नाहीत. आजी आणि तिच्या मैत्रिणींनी एका दुपारी बसून अठ्ठावीस नावं सांगितली. त्यातली सहा मला पुस्तकात सापडत नाहीयेत, खाडीकाठदादा, फोटो पाठवते.

१२० पैकी ७१ तास झाले. पैसे नाहीत, पण वह्या-झेरॉक्सचा खर्च ग्रामपंचायतीने दिला, साडेचारशे. आईला म्हटलं भिशीचे फिटले, ती म्हणाली अजून नऊ हजार पन्नास आहेत.

आणि पहाटेचा माग अजून एकदाही दिसला नाही. काका म्हणतात हंगाम हल्ली उशिरा लागतो, रोज ये. सत्तेचाळीस दिवस नुसती वाळू. उद्यापासून रात्रीच्या फेरीलाही नेणार आहेत. बाबा सोबत येतायत. काय काय न्यायचं?

---

बांगडा_तिखलं | ११ डिसेंबर, रात्री ९.१५

बाबांका घेवन जातंस ता बरा केलंस. चाय ने.

---

खाडीकाठ | ११ डिसेंबर, रात्री ९.३०

सत्तेचाळीस दिवसांच्या 'काही नाही' याही नोंदीच आहेत, लिहिल्यास ना? नसतील लिहिल्या तर आज बसून आठव आणि लिही. माझ्या गाईडने यावरून मला पहिल्याच महिन्यात झापलं होतं.

ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालून गेली. ती सापडली कारण त्या रात्री तिथे कोणीतरी फेरीवर होतं आणि त्याने तिच्या परावरच्या (वल्ह्यासारख्या पायावरच्या) टॅगचा नंबर वाचला. तेव्हा पेन्सिल ने. पेन खाऱ्या हवेत दगा देतं.

मोबाइलचा फ्लॅश नको, बाबांनाही सांग. ती वर येताना उजेड दिसला की तशीच परत फिरते. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लाव. दुहेरी, रबरबँडने. शाळेजवळच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल.

---

वालुकणी | ११ डिसेंबर, रात्री ९.४२

दुकान बंद झालंय. गणपतीच्या मखराचा उरलेला लाल कागद माळ्यावर आहे, चालेल?

---

खाडीकाठ | ११ डिसेंबर, रात्री ९.४३

पळेल.